सत्येंद्रनाथ बोस मुलांना सांगायचे कसे? दोन ग्रेस मार्कांपासून सुरुवात करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरजवळच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मॅडमना २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, आठवी-नववीच्या मुलांपुढे सत्येंद्रनाथ बोस यांच्यावर चाळीस मिनिटे बोलायचे आहे. त्या लिहितात, "जन्म, शिक्षण, पुरस्कार एवढे मिळाले. पण त्यांनी नेमके केले काय, हे मलाच नीट समजलेले नाही. बोस सांख्यिकी गणिताशिवाय सांगता येते का? आणि नोबेल का मिळाले नाही, हे मुले विचारणारच. काय सांगू?"

मॅडम, मी नागपुरात तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवले. त्यातली बरीच वर्षे एम.एस्सी.च्या वर्गाला सांख्यिकीय भौतिकी, म्हणजे असंख्य कणांचे वागणे मोजणीने समजून घेणे, हाच विषय होता. निवृत्त झाल्यापासून फेब्रुवारी महिन्यात शहरातल्या आणि आसपासच्या शाळांमध्ये बोलायला जातो. त्यामुळे तुमची अडचण मला चांगली कळते. माझ्या मते तुमचे तीन प्रश्न म्हणजे एकच प्रश्न आहे. काम समजले नाही की माणसाच्या आयुष्यात फक्त तारखा उरतात, आणि नुसत्या तारखांनी चाळीस मिनिटे भरत नाहीत, म्हणून मग नोबेलची हळहळ आणून भरावी लागते.

हे मी अनुभवाने सांगतो आहे. कामठी रोडवरच्या एका शाळेत मी पहिल्यांदा बोसांवर बोललो, तेव्हा सगळे क्रमाने सांगितले: कलकत्ता, ढाका, आईन्स्टाईनला पत्र, पद्मविभूषण. मुले शांत बसली होती, मला वाटले ऐकताहेत. शेवटी एकच हात वर आला. "सर, त्याईले नोबेल काऊन नाही भेटलं?" चाळीस मिनिटांतून मुलांच्या हाती फक्त एक तक्रार लागली होती. त्या दिवसापासून मी व्याख्यान उलटे केले. आधी काम सांगायचे, मग माणूस.

काही गोष्टी तुमच्या शाळेवर अवलंबून आहेत. दोनशे मुले मैदानात सतरंजीवर बसणार असतील तर पुढचा खेळ फळ्यावर न करता मुलांना उभे करून करावा लागेल. पन्नासच्या वर्गात फळा पुरतो. संभाव्यता दहावीच्या बीजगणितात येते, म्हणून आठवी-नववीत तो शब्दच टाळा. "किती प्रकारे?" एवढाच प्रश्न विचारा. आणि सत्र दुपारचे असेल तर बोलणे तीस मिनिटांवर आणा. आपल्याकडे फेब्रुवारीअखेरच ऊन जाणवायला लागते आणि पत्र्याच्या शेडखाली मुलांचे लक्ष टिकत नाही.

आता खेळ. दोन मुलींना पुढे बोलवा. समजा एक पिंकी, एक राणी. समोर दोन बेंच ठेवा. मुलांना विचारा, या दोघी दोन बेंचांवर किती प्रकारे बसू शकतात? थोडा गोंधळ होईल, मग उत्तर येईल: चार. दोघी पहिल्यावर, दोघी दुसऱ्यावर, पिंकी पहिल्यावर आणि राणी दुसऱ्यावर, किंवा त्याच्या उलट. फळ्यावर चारही लिहा.

मग म्हणा, आता मुली नाहीत, दोन ग्रेस मार्क आहेत. विषय दोन, मराठी आणि गणित. हे दोन मार्क किती प्रकारे वाटता येतील? पहिल्यांदा बरीच मुले पुन्हा चारच म्हणतात. थांबा, घाई करू नका. कोणीतरी म्हणतेच, "सर, तीन." दोन्ही मराठीला, दोन्ही गणिताला, किंवा एकेक. "हा मार्क मराठीला आणि तो गणिताला" आणि "तो मराठीला आणि हा गणिताला" या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. गुणपत्रिकेवर दोन्हींत तेच दिसणार. एका मुलाने मला विचारले होते, "म्हणजे मार्काले नाव नसते काय?" मी त्याला पुढे बोलावून तेच वाक्य फळ्यावर लिहायला लावले. बोसांच्या कामाचा गाभा त्याच्या तोंडून आला होता. प्रकाशाच्या कणाला नाव नसते. तसे धरून केलेली मोजणी म्हणजेच बोस सांख्यिकी.

लगेच पुढची पायरी घ्या. मुलींच्या बाबतीत चारपैकी दोन प्रकारांत दोघी एकत्र आहेत, म्हणजे अर्ध्या. मार्कांच्या बाबतीत तीनपैकी दोन प्रकारांत दोन्ही मार्क एकत्र आहेत. प्रत्येक प्रकाराला सारखीच संधी असेल, तर बिननावाच्या गोष्टी एकाच ठिकाणी सापडण्याची शक्यता जास्त होते. संख्या वाढवा म्हणजे फरक डोळ्यांत भरतो. दहा मुली दोन बेंचांवर १,०२४ प्रकारे बसू शकतात, आणि त्यांतल्या फक्त दोन प्रकारांत सगळ्या एका बेंचावर असतात. दहा मार्क दोन विषयांत ११ प्रकारे वाटता येतात, आणि त्यांतल्या दोन प्रकारांत सगळे एका विषयाला जातात. १,०२४ मध्ये दोन आणि ११ मध्ये दोन. हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि क्षणभर काही बोलू नका.

"प्रत्येक प्रकाराला सारखीच संधी" हे मी वर गृहीत धरले आहे, आणि एखादा हुशार मुलगा इथेच अडवेल. अडवले तर शाबासकी द्या. खरी दोन नाणी उडवली तर तसे होत नाही, एक छाप-एक काटा हा प्रकार दुप्पट वेळा येतो. कारण नाणी कितीही सारखी दिसली तरी ती दोन वेगळी नाणी आहेत. प्रकाशकणांच्या बाबतीत निसर्ग दुसऱ्या पद्धतीने मोजतो. ते कशावरून? बोसांच्या मोजणीतून जे सूत्र निघते ते प्रयोगाशी जुळते, पहिल्या मोजणीतून निघणारे जुळत नाही. याच्यापेक्षा वेगळे कारण शोधू नका आणि मुलांना बनवून सांगू नका.

मग सूत्र कशाचे, हे सांगायला लोहाराची भट्टी पुरते. लोखंड तापले की आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळसर-पांढरे दिसते. कोणत्या तापमानाला कोणत्या रंगाचा प्रकाश किती, हे बरोबर सांगणारे सूत्र जर्मन शास्त्रज्ञ माक्स प्लांक यांनी १९०० साली दिले. सूत्र अचूक होते, पण ते सिद्ध करण्याची वाट अडचणीची होती. अर्धा भाग प्रकाश ही लाट आहे असे धरून काढलेला, आणि उरलेला अर्धा ऊर्जा तुकड्यातुकड्यांनी मिळते असे धरून. दोन्ही अर्ध्यांचे आपसात पटत नव्हते. चोवीस वर्षे मोठमोठी माणसे या वाटेवर अडखळत होती. स्वतः आईन्स्टाईननाही ती सिद्धता समाधानकारक वाटत नव्हती.

इथे बोसांना आणा. आणताना "थोर शास्त्रज्ञ" म्हणून आणू नका, शिक्षक म्हणून आणा. ढाका विद्यापीठ १९२१ मध्ये सुरू झाले आणि त्याच वर्षी बोस तिथे रीडर (प्राध्यापकाच्या खालचे पद) म्हणून गेले. वर्गात प्लांकचे सूत्र शिकवायचे होते. एकमेकांशी न पटणाऱ्या दोन पायऱ्या मुलांपुढे ठेवणे त्यांना रुचेना. आपण शिक्षक अशा जागी काय करतो? "हे असेच असते, लिहून घ्या" म्हणतो. मीही म्हटले आहे, अनेकदा. बोस तसे म्हणाले नाहीत. त्यांनी लाटेचा आधार पूर्ण सोडला, प्रकाश म्हणजे बिननावाच्या कणांचा वायू मानला आणि फक्त मोजणी करून प्लांकचे सूत्र मिळवले.

हा पुढचा भाग फक्त तुमच्यासाठी, मुलांसाठी नाही. प्लांकच्या सूत्रात सुरुवातीला ८π गुणिले वारंवारितेचा वर्ग भागिले प्रकाशवेगाचा घन असा गुणक येतो. तो आधी लाटांच्या सिद्धांतातून उसना घेतलेला होता. बोसांनी स्थान आणि संवेग यांचे मिळून जे अवकाश होते, त्याचे प्लांकच्या स्थिरांकाच्या घनाएवढे छोटे कप्पे पाडले आणि कप्पे मोजले. प्रकाशकणाचा संवेग म्हणजे प्लांकचा स्थिरांक गुणिले वारंवारिता भागिले प्रकाशवेग. ही किंमत घातली की प्लांकच्या स्थिरांकाचा वरचा घन आणि खालचा घन एकमेकांना कापतात. ध्रुवीकरणाच्या दोन शक्यतांसाठी दोनाने गुणले की तोच गुणक समोर उभा राहतो, लाटेचे नावही न घेता. मग कोणत्या कप्प्यात किती कण हे न विचारता, रिकामे कप्पे किती, एक कण असलेले किती, दोन असलेले किती, असे त्यांनी मोजले. आपण खेळात मार्कांचे केले तेच. एम.एस्सी.च्या वर्गात हे दोन घन कापले जायचे तेव्हा मी दरवर्षी हातातला खडू खाली ठेवायचो. तुम्ही हे एकदा कागदावर स्वतः करून पाहा. पाऊण पान लागते. आणि मग २८ तारखेला तुमचा आवाज वेगळा लागेल, मुलांना तो फरक कळतो.

आंतरजालावर एक गोष्ट सापडेल, की बोसांनी वर्गात चुकून चुकीची मोजणी केली आणि ती नेमकी बरोबर निघाली. मी ती सांगत नाही, तुम्हीही सांगू नका असे सुचवेन. चार पानांचा तो निबंध वाचला की प्रत्येक पायरी विचार करून टाकलेली दिसते. मुलांना "चुकून लागला शोध" हे ऐकायला आवडते, पण त्यात त्या माणसाच्या अनेक वर्षांच्या अभ्यासावर पाणी पडते.

त्या अभ्यासाबद्दल दोन-तीन गोष्टी जरूर सांगा. जन्म १ जानेवारी १८९४, कलकत्ता. प्रेसिडेन्सी कॉलेजात पुढे मोठे शास्त्रज्ञ झालेले मेघनाद साहा त्यांच्या वर्गात होते आणि जगदीशचंद्र बसू व प्रफुल्लचंद्र राय हे शिक्षक. १९१५ मध्ये मिश्र गणितात एम.एस्सी., पहिला क्रमांक बोसांचा, दुसरा साहांचा. म्हणजे पदवीने ते गणिती होते. पुढे दोघेही कलकत्ता विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयात नव्या भौतिकीचे वर्ग घेऊ लागले. पहिल्या महायुद्धामुळे युरोपातून पुस्तके येणे कठीण झाले होते, आणि नवे काम बहुतेक जर्मन भाषेत होते. म्हणून ते जर्मन वाचायला शिकले. आईन्स्टाईनच्या सापेक्षतेवरील निबंधांचा साहा आणि बोसांनी केलेला इंग्रजी अनुवाद कलकत्ता विद्यापीठाने १९२० मध्ये छापला. दोन तरुण शिक्षक विद्यार्थ्यांसाठी मूळ निबंधच भाषांतरित करायला बसतात, हे चित्र मुलांपुढे नीट उभे करा.

नागपूरच्या मुलांसाठी इथे एक छोटा दुवा जोडता येतो. विज्ञान दिन ज्यांच्या शोधामुळे साजरा होतो ते सी. व्ही. रामन त्याच विज्ञान महाविद्यालयात पालित यांच्या नावाच्या प्राध्यापकपदावर होते, आणि त्याआधी सरकारी हिशेब खात्याच्या नोकरीत काही काळ आपल्या नागपुरात होते. गांधीसागर तलावासमोरचे रामन विज्ञान केंद्र मुलांनी पाहिलेले असते. तेवढ्या एका वाक्याने कलकत्ता जवळ येते.

मग पत्र. इंग्लंडमधल्या एका नामांकित नियतकालिकाकडे पाठवलेला निबंध छापला गेला नव्हता. ४ जून १९२४ रोजी ढाक्याहून तीस वर्षांच्या बोसांनी तो थेट आईन्स्टाईनना पाठवला. पत्राचा सूर फार सुंदर आहे. मी तुम्हाला पूर्ण अनोळखी आहे, तरी विनंती करायला संकोच वाटत नाही, कारण तुमच्या लिखाणातून शिकणारे आम्ही सारे तुमचेच विद्यार्थी, असे ते लिहितात. निबंधाचा अनुवाद करण्याइतकी जर्मन मला येत नाही, हेही मोकळेपणाने सांगतात. तुमच्या मराठी माध्यमाच्या मुलांपुढे हे वाक्य सांगताना थोडे थांबा. इंग्रजी कच्चे म्हणून विज्ञानाचे पुस्तक मिटवणारी मुले मी आयुष्यभर पाहिली आहेत. मला ही भाषा लिहिता येत नाही, असे सांगून हा माणूस आपले काम पुढे करतो. आणि आईन्स्टाईन स्वतः बसून त्याचे जर्मन भाषांतर करतात, हे काम महत्त्वाची प्रगती आहे अशी टीप खाली जोडतात आणि छापून आणतात. आईन्स्टाईनचे एक पोस्टकार्ड आले, त्याच्या जोरावर ढाका विद्यापीठाकडून दोन वर्षांची रजा मिळाली, आणि बोस पॅरिसला व मग बर्लिनला गेले.

श्रेय सांगताना काटा सरळ धरा. बोसांनी ही मोजणी प्रकाशासाठी केली. तीच मोजणी अणूंना लावली तर काय होईल, हा विचार आईन्स्टाईनचा. १९२४-२५ मधल्या निबंधांत त्यांनी दाखवले की फार थंड केलेल्या वायूतले अणू मोठ्या संख्येने सर्वांत खालच्या ऊर्जेच्या एकाच अवस्थेत गोळा होतील. सगळे मार्क एकाच विषयाला, तसे. म्हणून नाव दोघांचे: बोस-आईन्स्टाईन संघनन. हे प्रत्यक्ष वायूत दिसायला १९९५ उजाडले. अमेरिकेत बोल्डर इथे रुबिडियमचे सुमारे दोन हजार अणू केवल शून्याच्या (ज्याहून थंड काहीच होऊ शकत नाही त्या तापमानाच्या) वर एका अंशाच्या कोट्यवधीव्या भागाइतके थंड करून ते साधले. मे महिन्यात ४५ अंश सोसणाऱ्या आपल्या मुलांना हा आकडा फार आवडतो, अनुभव आहे. त्या कामासाठी तिघांना २००१ चे नोबेल मिळाले. तोवर बोस नव्हते, ४ फेब्रुवारी १९७४ ला ते गेले.

आता नोबेल. १९५६ ते १९६२ या काळात भारतातल्या शास्त्रज्ञांनी त्यांचे नाव सुचवले होते, समितीने ते काम पारितोषिकाच्या तोडीचे मानले नाही. माझ्या मते ते होते, आणि मी मुलांना तसे स्पष्ट सांगतो. पण दोन वाक्यांत, आणि कामानंतर. लगेच पुढे सांगतो की निसर्गातला मूलभूत कण दोनच घराण्यांतला असतो. एक घराणे गर्दी करणारे, त्याला इंग्रज शास्त्रज्ञ डिरॅक यांनी बोसांवरून 'बोसॉन' नाव दिले. दुसरे घराणे एका जागी दुसऱ्याला येऊ न देणारे, ते इटालियन शास्त्रज्ञ फर्मींवरून 'फर्मिऑन'. खेळात बसवायचे तर दुसऱ्या घराण्याचा नियम असा: एका विषयाला एकाहून जास्त मार्क चालणार नाही. मग वाटण्याचा प्रकार एकच उरतो, एकेक. इलेक्ट्रॉन या घराण्यातला. दुकानातल्या बारकोड वाचणाऱ्या लाल लेसर किरणात प्रकाशकण एकाच अवस्थेत गर्दी करून येतात, ती पहिल्या घराण्याची करामत.

"देवकण बोसांनी शोधला का?" हा प्रश्न हमखास येतो. नाही. २०१२ मध्ये सापडलेला हिग्ज बोसॉन हा बोसॉन घराण्यातला एक कण, म्हणून त्याच्या आडनावात बोस आहेत. एवढेच सांगा.

आणि कोणी विचारेल, १९२४ नंतर त्यांनी काय केले? शिकवले. डॉक्टरेट नसताना १९२७ मध्ये ते ढाक्यात प्राध्यापक झाले, १९४५ पर्यंत तिथे आणि मग १९५६ पर्यंत कलकत्त्यात शिकवत राहिले. निबंध मोजकेच लिहिले. इसराज हे तंतुवाद्य उत्तम वाजवत. टागोरांनी १९३७ मध्ये बंगालीत विज्ञानाचे पुस्तक लिहिले ते बोसांना अर्पण केले. १९४८ मध्ये बोसांनी बंगीय विज्ञान परिषद स्थापली आणि बंगालीतून विज्ञानाचे मासिक सुरू केले. मातृभाषेतून विज्ञान शिकवता येत नाही हे त्यांना कधीच मान्य नव्हते. माझ्या दृष्टीने हे त्यांच्या आयुष्यातले दुसरे मोठे काम आहे, आणि मराठी शाळेत त्याला पाच मिनिटे तरी द्यायलाच हवीत.

तेव्हा वेळ अशी वाटा: खेळ पंधरा मिनिटे, भट्टी आणि ढाक्याचा वर्ग दहा, पत्र पाच, मातृभाषेतले विज्ञान पाच, उरलेले मुलांच्या प्रश्नांना. जन्मतारीख फळ्याच्या कोपऱ्यात आधीच लिहून ठेवा, ती बोलण्यात वेळ घालवू नका. जाताना मुलांना घरी करायला एक द्या: तीन मुली आणि तीन बेंच, तीन मार्क आणि तीन विषय. पहिल्याचे उत्तर २७, दुसऱ्याचे १०. दुसऱ्या दिवशी कोणी ते दहा प्रकार वहीत लिहून आणले, तर त्या मुलाची किंवा मुलीची वही मला फोटो काढून नक्की पाठवा.